एमिरेट्सची ए३८० विमानं का थांबली आणि काउंटरवरचे नियम सारखे का बदलत होते

प्रश्नात मुख्य गोष्टी दोन विचारल्या आहेत; पैशांचं काय झालं आणि ए३८० ला कायमचा निरोप द्यायला हवा होता का, याकडे शेवटी येतो. कोविड महामारीत दुबईच्या एमिरेट्स विमान कंपनीने आपली दुमजली ए३८० विमानं महिनोन्‌महिने उभी ठेवली, बोईंग ७७७ मात्र उडत राहिली, असं का? आणि प्रवाशांचे नियम इतके का बदलत होते, की निगेटिव्ह रिपोर्ट हातात असलेली माणसंही मुंबईच्या काउंटरवरून परत गेली? मी एमिरेट्समध्ये नोकरी केलेली नाही. पण विमानतळावर आधी लोड कंट्रोल (विमानात किती वजन कुठे ठेवायचं याचा हिशेब) आणि पुढे प्रवासी सेवा अशी दोन्हीकडे बरीच वर्षं काढली आहेत, आणि त्या काळात आखातात जाणाऱ्या प्रवाशांची कागदपत्रं तपासणाऱ्यांमध्ये मीही होतो. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. कोणतं विमान बाहेर काढायचं हे त्या दोन वर्षांत देशोदेशीच्या प्रवेश-नियमांनी ठरवलं. कंपनीच्या हातात त्या नियमांमागे धावणं एवढंच उरलं होतं.

आधी ए३८० भरतं कसं, ते बघू. तीन वर्गांच्या मांडणीत त्यात पाचशेच्या आसपास आसनं असतात, दोन वर्गांच्या मांडणीत सहाशेच्या वर. दुबईहून लंडनला निघालेल्या अशा विमानात निव्वळ दुबईचे प्रवासी थोडे. उरलेले मुंबई, कराची, ढाका, कोलंबो, नैरोबी, सिडनी अशा कुठून कुठून आलेले असतात. प्रत्येक शहरातून दहा, पंधरा, वीस. दोन-तीन तासांच्या खिडकीत डझनावारी विमानं दुबईत उतरतात, माणसं टर्मिनल ३ मध्ये गेट बदलतात आणि डझनावारी विमानं पुन्हा निघतात. ए३८० चा सगळा हिशेब या अदलाबदलीवर उभा आहे.

आता एका देशाने दार बंद केलं तर काय होतं? त्या देशाचं उड्डाण तर रद्द होतंच, पण बाकीच्या तीस-चाळीस उड्डाणांतूनही थोडे थोडे प्रवासी गळतात. मार्च २०२० मध्ये एकाच वेळी शंभरावर देश बंद होत होते. अशा वेळी पाचशे आसनांचं विमान भरणारे झरेच आटतात. दुबई ते लंडन जायला लोक कितीही उत्सुक असले, तरी तेवढ्याने विमान भरत नाही.

त्यात एमिरेट्सची आणखी एक अडचण होती. बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे ए३२० किंवा ७३७ सारखी छोटी विमानंही असतात. प्रवासी कमी झाले की त्या मार्गावर छोटं विमान लावता येतं. एमिरेट्सच्या ताफ्यात प्रवासी विमानं दोनच जातींची होती. सुमारे ११५ ए३८०, आणि बाकी सगळी ७७७. त्यांच्याकडचं सगळ्यात लहान विमान म्हणजे ७७७-२००एलआर, आणि तेसुद्धा तीनशेच्या आसपास आसनांचं. फ्लायदुबईकडे ७३७ होती, पण ती वेगळी कंपनी आणि ते पल्लेही वेगळे. त्यामुळे त्यांच्यापुढचा खरा प्रश्न 'मोठं की छोटं' असा नव्हताच. खूप मोठं की मोठं, एवढीच निवड होती.

संयुक्त अरब अमिरातीने २३ मार्च २०२० ला प्रवासी उड्डाणं ४८ तासांत थांबवण्याचं जाहीर केलं. २५ मार्चपासून एमिरेट्सची प्रवासी सेवा बंद झाली. ६ एप्रिलपासून अडकलेल्यांना बाहेर नेणारी मोजकी उड्डाणं सुरू झाली, तीही ७७७ ने. २१ मेपासून लंडन, फ्रँकफर्ट, पॅरिस, सिडनी, टोरांटो अशा नऊ शहरांची नियमित सेवा परत आली. तिथेही ७७७ च. दुबईने ७ जुलैला पर्यटकांसाठी दार उघडलं आणि १५ जुलैला पहिली ए३८० उड्डाणं लंडन आणि पॅरिसला निघाली. दार उघडल्यावर जेमतेम आठवडाभरात मोठं विमान बाहेर आलं, हा योगायोग नव्हे.

पण ७७७ सुद्धा रिकामंच जात होतं, मग तेच का? कारण विमानाचं पोट. लोड कंट्रोलमध्ये बसणाऱ्याला ही गोष्ट पहिल्या महिन्यात कळते, प्रवाशाला आयुष्यभर कळत नाही. बाहेरून ए३८० अवाढव्य दिसतं, पण त्याच्या खालच्या होल्डमध्ये, म्हणजे सामानाच्या मजल्यावर, एलडी३ जातीचे (विमानात सामान भरायचे ठरावीक मापाचे) कंटेनर ३८ बसतात. ७७७-३००ईआर मध्ये ४४ बसतात. लहान विमानात जास्त सामान! शिवाय ए३८० मध्ये वर पाचशे माणसं असली की त्यांच्याच बॅगांनी खालची बरीच जागा जाते आणि विकायला माल थोडा उरतो. वरच्या दोन मजल्यांना मालाचा दरवाजा नाही, तिथली जमीनही प्रवासी आणि आसनं यांच्या वजनाच्या हिशेबाने केलेली. वर इंजिनं चार. तासाला साधारण ११ ते १२ टन इंधन लागतं; ७७७-३००ईआर दोन इंजिनांवर सात-आठ टनांत भागवतं. प्रवासी आसनांवर नसतील तर ए३८० कडे कमाईचं दुसरं साधन जवळजवळ नसतं. ७७७ चं भाडं त्या वर्षी खालचा माल भरत होता.

आणि मालाचे दर त्या वेळी चढेच होते. मास्क, पीपीई, औषधं सगळ्या जगाला एकदमच हवी होती आणि जगातली निम्म्याच्या आसपास हवाई मालवाहतूक एरवी प्रवासी विमानांच्या पोटातूनच होते. तीच विमानं उभी होती. एमिरेट्सने दहा ७७७-३००ईआर मधली इकॉनॉमीची आसनं काढून टाकली. प्रत्येक विमानातून ३०५ आसनं निघाली आणि पोटातल्या ४० ते ५० टनांशिवाय वर आणखी १७ टनांपर्यंत माल मावू लागला. नोव्हेंबर २०२० मध्ये ए३८० सुद्धा माल नेण्यासाठी वापरलं. सोलहून दुबईमार्गे ॲमस्टरडॅमला वैद्यकीय साहित्य नेलं, पण सगळं पोटातच आणि ५० टनांच्या आत. एवढ्या मोठ्या यंत्राला तेवढंच जमतं. २०२०-२१ या आर्थिक वर्षात कंपनीच्या वाहतुकीच्या उत्पन्नातला सुमारे ६० टक्के वाटा मालाचा होता. प्रवासी कंपनी म्हणून जगभर ओळखली जाणारी कंपनी त्या वर्षी मालावर तगली.

उभं ठेवलेलं विमान म्हणजे काम संपलेलं विमान, अशी समजूत असेल तर ती सोडा. एमिरेट्सने २१८ विमानं बांधून ठेवली होती. ११७ दुबईच्याच दुसऱ्या, अल मक्तूम विमानतळावर आणि १०१ दुबई इंटरनॅशनलवर. दुबईची हवा म्हणजे रेती, खारट दमटपणा आणि उन्हाळ्यात पन्नाशीकडे जाणारा पारा. इंजिनांची पुढची-मागची तोंडं, एपीयूचं (शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनाचं) तोंड, वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या, दाबाची छिद्रं, कोन मोजणारे सेन्सर, सगळं झाकून सील करावं लागतं. ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवायच्या, पाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या, बॅटऱ्या तोडायच्या. आणि मग ठरलेल्या दिवसांनी पुन्हा येऊन चाकं फिरवायची, म्हणजे टायर एकाच जागी दबून बसत नाहीत. नियंत्रणाचे पंख हलवून बघायचे. ए३८० ला बावीस चाकं आणि चार इंजिनं. त्यामुळे हे सगळं कामही त्याच प्रमाणात वाढतं. त्या वर्षी साठवणुकीतून बाहेर काढलेल्या विमानांत वेगाचे आकडे चुकीचे दाखवण्याचे प्रकार वाढल्याचा इशारा युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने दिला होता. कारणांत पिटो नळ्यांत घरटी करणारे किडेही होते. 'मागणी वाढली की चटकन काढा ना बाहेर' म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो: बांधलेलं विमान चटकन निघत नाही, आणि निघू नये.

वैमानिकांचंही तेच. ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणं झाली नाहीत तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. विमानच उभं असेल तर ती अट सिम्युलेटरवर पुरी करावी लागते, आणि एका जातीच्या विमानाचे सिम्युलेटर किती असणार? विमानतळांचीही अडचण होती. ए३८० साठी अग्निशमनाची सर्वोच्च, म्हणजे दहावी श्रेणी लागते, ७७७-३००ईआर ला नववी पुरते. वाटेत गरज पडली तर उतरायला तसे पर्यायी विमानतळ हवेत, आणि २०२० च्या उन्हाळ्यात कित्येक विमानतळांच्या टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यांवर, उभी केलेली विमानंच दाटीने लागलेली होती.

आता नियम विमान कसं निवडतात, त्याची तीन उदाहरणं देतो. या क्षेत्रात नसलेल्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

चीनने मार्च २०२० अखेर नियम केला: प्रत्येक कंपनीला एकाच मार्गावर, आठवड्याला एकच उड्डाण. मर्यादा उड्डाणांच्या संख्येवर होती. मग आठवड्यातली ती एकमेव फेरी कोणत्या विमानाने करायची? अर्थात सगळ्यात मोठ्या. ऑगस्ट २०२० मध्ये ए३८० ग्वांगझूला परत गेलं, तेव्हा जगातली मागणी अजून तळालाच होती.

ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी जुलैपासून उलटा नियम केला. तिथे मर्यादा येणाऱ्या माणसांवर, कारण हॉटेलांतल्या विलगीकरणाच्या खोल्या मोजक्या होत्या. काही वेळा एका उड्डाणातून काही डझन प्रवाशांनाच उतरू देत. साडेतीनशे आसनांचं ७७७ तीस-चाळीस माणसं घेऊन चौदा तास उडायचं, आणि खाली पोट मालाने भरलेलं म्हणूनच ते उडू शकायचं. तिथे ए३८० लावण्याचा विचारही कोणी केला नसता. प्रवाशांच्या बाजूने मात्र ही मर्यादा फार क्रूर ठरली. कंपनीला शेकडो तिकीटधारकांतून तीस निवडायचे होते, आणि तिकीट असूनही माणसं वारंवार यादीतून खाली सरकवली जात होती.

ब्रिटनने २९ जानेवारी २०२१ ला अमिरातीला लाल यादीत, म्हणजे प्रवेशबंदी असलेल्या देशांच्या यादीत, टाकून थेट उड्डाणंच थांबवली. त्या महिन्यात दुबई–लंडन हा जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गांमध्ये अगदी वर होता आणि तिथे ए३८० चालत होतं. नुकतीच, म्हणजे त्याच महिन्याच्या सुरुवातीला, प्रीमियम इकॉनॉमीच्या ५६ आसनांचं नवं ए३८० लंडनला लावलं होतं. एका सरकारी घोषणेने सगळं बंद. ऑगस्ट २०२१ मध्ये लाल यादीतून सुटका झाली.

आता काउंटरकडे वळू, कारण तुमच्या प्रश्नातला खरा सल तिथे आहे.

काउंटरवरच्या माणसाला नियम ठरवण्याचा अधिकार नसतो. त्याच्यासमोर टायमॅटिक ही जगभरच्या कंपन्या वापरतात ती प्रवेश-नियमांची माहिती असते आणि कंपनीचं ताजं परिपत्रक असतं. चुकीच्या कागदांवर माणूस चढवला तर कंपनीला दंड होतो आणि त्याला स्वखर्चाने परत आणावं लागतं. त्यामुळे शंका आली की उत्तर 'नाही' असं येतं. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. समोरच्या माणसाची नोकरी, व्हिसाची मुदत, कधी घरातला मृत्यू, सगळं त्या एका 'नाही'वर लटकलेलं असायचं, आणि ते 'नाही' म्हणताना आमच्याही पोटात तुटायचं.

रिपोर्ट निगेटिव्ह असूनही अडकायला बहुधा घड्याळ कारण होतं. १ ऑगस्ट २०२० पासून दुबईला जाणाऱ्या आणि दुबईतून पुढे जाणाऱ्यांना पीसीआर चाचणी लागू झाली. आधी मर्यादा ९६ तासांची होती, ३१ जानेवारी २०२१ पासून ७२ तासांची झाली. हे तास नमुना दिल्यापासून मोजायचे. लोक मात्र रिपोर्ट हाती आला त्या वेळेपासून मोजत. दुबईतून पुढे तिसऱ्या देशात जाणाऱ्याचं आणखी कठीण, कारण तिथलं घड्याळ वेगळं. एखादा देश पहिल्या विमानतळावरून निघण्याची वेळ धरायचा, एखादा शेवटच्या विमानाची, एखादा पोचण्याची. उड्डाणाला आठ तास उशीर झाला की बरोबर असलेला रिपोर्ट रांगेत उभ्या उभ्या शिळा व्हायचा. त्याशिवाय रिपोर्ट इंग्रजी किंवा अरबीत हवा, नाव पासपोर्टप्रमाणे हवं. अँटीबॉडीचा, अँटिजनचा, घरगुती किटचा चालत नसे. बारा वर्षांखालच्या मुलांना सूट होती, पण पुढच्या देशात ती असेलच असं नाही.

भारतातून जाणाऱ्यांसाठी सगळ्यात अवघड काळ २०२१ चा. २४ एप्रिलच्या रात्री अमिरातीने भारतातून येणाऱ्यांना बंदी घातली. जूनमध्ये दुबईने जाहीर केलं की २३ तारखेपासून मान्य लशीचे दोन डोस घेतलेले रहिवासी येऊ शकतील. ४८ तासांतली, क्यूआर कोड असलेली पीसीआर, आणि शिवाय निघण्याआधी चार तासांत विमानतळावरच रॅपिड पीसीआर. तेव्हा ती यंत्रणा आपल्या विमानतळांवर तयारच नव्हती. जी गोष्ट प्रवासी पुरी करूच शकत नाही, ती अट कागदावर घालून दार उघडल्याचं जाहीर करणं म्हणजे लोकांना तिकिटं काढायला लावून दारातून परत पाठवणं. उड्डाणं लांबत गेली आणि रहिवाशांना खरी वाट मिळाली ती ५ ऑगस्टपासून. त्यातही दुबईचा व्हिसा असेल तर जीडीआरएफएची (दुबईच्या व्हिसा खात्याची) परवानगी, शारजासारख्या इतर अमिरातींचा असेल तर आयसीएची (देशपातळीवरच्या ओळख व नागरिकत्व संस्थेची). शारजाची नोकरी आणि दुबईची तिकिटं असलेली कित्येक माणसं यात घोटाळ्यात सापडली. ते अडाणी नव्हते. एकाच देशात दोन यंत्रणा आणि दोन अर्ज होते.

विमानाच्या आतले नियम मला त्या मानाने शहाणपणाचे वाटले. सुरुवातीला एकट्या प्रवाशांच्या मध्ये एक आसन रिकामं ठेवत. ते फार टिकणार नव्हतंच. आयटाने, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, मे २०२० मध्येच हिशेब दिला होता की मधली आसनं रिकामी ठेवली तर विमान जास्तीत जास्त ६२ टक्के भरेल आणि खर्च भागायला सरासरी ७७ टक्के लागतात. हातातल्या बॅगा बंद करून फक्त लॅपटॉप, पर्स, बाळाचं सामान एवढंच वर नेऊ देणं हा मात्र उत्तम निर्णय होता. रॅकमध्ये बॅगा कोंबताना जी गर्दी होते, ती उड्डाणातली सगळ्यात दाट गर्दी. केबिनची हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते आणि फिरवलेली हवा हेपा गाळणीतून येते, जी ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवते. म्हणून विमान मोठं तर धोका मोठा, ही भीती बरोबर नव्हती. धोका रांगेत, बसमध्ये, चढण्या-उतरण्यात जास्त होता. ए३८० मधला बार आणि स्नानगृहं बंद ठेवली, तीही त्याच कारणाने.

पैशांबद्दलही विचारलंय, थोडक्यात सांगतो. एमिरेट्सने जुनी तिकिटं ७६० दिवसांपर्यंत चालू ठेवायची सोय दिली आणि परताव्याचे अर्ज इतके आले की ते निकालात काढायला काही महिने गेले. जुलै २०२० पासून प्रवासात कोविड झाल्यास दीड लाख युरोपर्यंत उपचारखर्च आणि विलगीकरणासाठी चौदा दिवस रोज १०० युरो, असं विनामूल्य संरक्षण सगळ्या वर्गांच्या प्रवाशांना दिलं. लोकांना विमानापेक्षा परदेशातल्या रुग्णालयाची भीती जास्त होती, हे त्यांनी ओळखलं होतं. तरी २०२०-२१ मध्ये प्रवासी ८८ टक्क्यांनी घटून ६६ लाखांवर आले, भरलेल्या आसनांचं प्रमाण ४४.३ टक्के, आणि तोटा २०.३ अब्ज दिरहम. तीस वर्षांहून जास्त काळातला पहिला तोटा. दुबई सरकारने भांडवल घातलं म्हणून कंपनी उभी राहिली.

ए३८० ला कायमचा निरोप द्यायला हवा होता का, असा शेवटचा प्रश्न आहे. एअर फ्रान्सने मे २०२० मध्ये तसं केलं. त्यांचा ताफा लहान होता आणि हाताशी दुसरी विमानं होती. त्यांचं बरोबर असेल. एमिरेट्सचं गणित निराळं होतं. एअरबसने बनवलेल्या २५१ ए३८० पैकी १२३ एकट्या त्यांनी घेतली आणि शेवटचं विमान ताब्यात घेतलं ते महामारी चालू असतानाच, डिसेंबर २०२१ मध्ये. त्यांनी मागवलेलं बोईंग ७७७एक्स लांबत चाललं होतं. दुबई इंटरनॅशनलवर उड्डाणांसाठी मिळणाऱ्या वेळा मर्यादित, त्यामुळे दार उघडताच एका वेळेत पाचशे माणसं नेणारं विमान हाताशी हवंच होतं. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला होता.

पुढे अटी एकेक करून गेल्या. २२ फेब्रुवारी २०२२ ला भारतातून दुबईला जाणाऱ्यांची विमानतळावरची रॅपिड चाचणी बंद झाली, चारच दिवसांनी लस घेतलेल्यांची पीसीआर गेली, २७ मार्चला भारताने नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं पुन्हा सुरू केली, सप्टेंबरअखेरीस अमिरातीने विमानातला मास्क ऐच्छिक केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये एमिरेट्सने बंगळुरूला ए३८० लावलं. तोवर भारतात त्यांचं हे विमान फक्त मुंबईला येत असे.